कारियो पुएर्तो यांचे युकातान : एवढी मोठी संघटना तीन आठवड्यांत कशी कोलमडली?

जुनीपाने

गदर चळवळीतले क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत गेले तेव्हा त्या देशात नेमके काय चालले होते, हे समजून घेण्यासाठी मागचे संदर्भ चाळत होतो. ते करता करता फेलिपे कारियो पुएर्तो या नावापाशी येऊन अडखळलो. खानखोजे यांच्याशी या गृहस्थांचा काही संबंध नाही. खानखोजे यांच्या मेक्सिको-वास्तव्याला सुरुवात झाली ते साल १९२४, आणि त्याच वर्षी ३ जानेवारीला युकातान राज्याची राजधानी मेरिदा येथे कारियो पुएर्तो यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले होते. मेक्सिकन क्रांती म्हटली की आपल्याकडे सापाता आणि पांचो व्हिया यांच्यापलीकडे सहसा कोणी जात नाही, त्यामुळे या माणसाविषयी मराठीत मला जवळजवळ काहीच सापडले नाही.

मला जेवढे समजले ते थोडक्यात असे. जन्म ८ नोव्हेंबर १८७४, गाव मोतुल. घर छोट्या व्यापाऱ्याचे, भावंडे पुष्कळ. रेल्वेत नोकरी, गाडीवानी, किरकोळ व्यापार, स्थानिक वृत्तपत्र असे नाना उद्योग त्यांनी केले. तिथल्या मूळ रहिवाशांची माया भाषा अस्खलित बोलत. क्रांतीच्या काळात काही दिवस सापाता यांच्या मोरेलोस राज्यात जाऊन जमीनवाटपाचे काम पाहिले, मग युकातानला परतून समाजवादी पक्ष बांधला आणि १ फेब्रुवारी १९२२ रोजी राज्याचे गव्हर्नर झाले. शपथविधीनंतरचे भाषण त्यांनी माया भाषेत केले. गावोगावी पक्षाचे ‘प्रतिकार संघ’ स्थापन झाले होते. साडेतीन लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या राज्यात या संघांचे सभासद साठ हजारांहून अधिक असल्याचे पक्ष सांगत असे.

आता माझी अडचण. डिसेंबर १९२३ मध्ये माजी हंगामी राष्ट्राध्यक्ष अदोल्फो दे ला उएर्ता यांच्या बाजूने लष्कराच्या एका मोठ्या गटाने केंद्र सरकारविरुद्ध बंड केले. १२ डिसेंबरला मेरिदा बंडखोरांच्या हाती गेले, आणि जेमतेम तीन आठवड्यांत गव्हर्नर, त्यांचे तीन सख्खे भाऊ आणि इतर नऊ सहकारी गोळीबार पथकासमोर उभे केले गेले. या तीन आठवड्यांत ते साठ हजार लोक कुठे होते? संघटना केवळ कागदावर होती, की कारियो पुएर्तो यांनीच लढायचे नाकारले, की आणखी काही कारण होते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. त्यांच्या प्रेमप्रकरणाविषयी इंटरनेटवर ढीगभर मजकूर आहे, तो मी वाचला आहे.

सह्यकडा

प्रश्न उत्तम आहे, पण त्याचे उत्तर १९२३ मध्ये सापडणार नाही. त्यासाठी मागे जावे लागेल.

युकातान हा नकाशावर मेक्सिकोचा भाग असला तरी त्या काळात तो जवळपास बेटासारखा होता. मध्य मेक्सिकोशी रेल्वेने जोडलेला नव्हता. प्रोग्रेसो बंदरातून बोटीने व्हेराक्रुसला जायचे आणि तिथून गाडीने राजधानी गाठायची, हाच रिवाज होता. न्यू ऑर्लिन्स आणि हवाना ही शहरे मेरिदाच्या श्रीमंतांना मेक्सिको सिटीपेक्षा जवळची वाटत. ही श्रीमंती आली ती हेनेकेन या एकाच पिकातून. आपल्याकडे शेताच्या बांधावर घायपात लावतात, त्याच कुळातली ही वनस्पती. उत्तर अमेरिकेतल्या गव्हाच्या शेतांत कापणी-बांधणीची यंत्रे आली आणि पेंढ्या बांधायला सुतळी लागू लागली. ती सुतळी हेनेकेनच्या धाग्याची असे. शिकागोची इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनी हे त्या धाग्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते. १९०२ मध्ये तिने ओलेगारियो मोलिना आणि त्यांचे जावई आव्हेलिनो मोन्तेस यांच्या पेढीशी गुपचूप करार केला, आणि भाव खाली ठेवण्याच्या बदल्यात त्या पेढीला बाजारावर पकड मिळाली. हे मोलिना तेव्हा राज्याचे गव्हर्नर होते आणि नंतर केंद्रात मंत्री झाले. म्हणजे सत्ता, व्यापार आणि जमीन या तिन्हींच्या चाव्या एकाच घराच्या कनवटीला होत्या.

मळ्यांवर राबणारे बहुसंख्य लोक माया होते. शिवाय उत्तरेकडच्या सोनोरा राज्यातून हद्दपार करून आणलेले याकी आदिवासी आणि करारावर आणलेले कोरियन मजूरही होते. कर्जापोटी माणूस मळ्याला बांधला जाई. लग्नासाठी घेतलेली उचल जन्मभर फिटत नसे, आणि मळा विकला गेला की कर्जासकट माणसेही नव्या मालकाकडे जात. देशात १९१० मध्ये क्रांती सुरू झाली, तरी युकातानात ही व्यवस्था पुढची चार-पाच वर्षे जवळजवळ तशीच उभी होती. तुरळक दंगे झाले, मळे जळाले, पण सापाता यांच्यासारखी सलग शेतकरी फौज तिथे कधी तयार झाली नाही. १८४७ पासून पुढे अर्धशतक चाललेल्या माया उठावाची धास्ती मालकांच्या मनात होती. त्यामुळे मळ्यांवर बंदोबस्त कडक असे आणि एका मळ्यावरच्या मजुराला शेजारच्या मळ्यावरच्या मजुराशी बोलण्याचीही सोय नसे.

या पार्श्वभूमीवर मार्च १९१५ मध्ये क्रांतीतल्या विजयी गटाचे प्रमुख कारान्सा यांनी जनरल साल्व्हादोर आल्व्हारादो यांना सात हजारांच्या आसपास सैन्य देऊन पाठवले. स्थानिक धनिकांचे बंड मोडून हा उत्तरेकडचा माणूस मेरिदात आला आणि तीन वर्षे राहिला. कर्जगुलामी रद्द करण्याचा हुकूम आधीच्या वर्षी निघाला होता, पण तो कागदावरच होता. त्याची खरी अंमलबजावणी आल्व्हारादो यांनी केली. शाळा काढल्या, दारूबंदी केली, आणि हेनेकेन खरेदीची सरकारी यंत्रणा अशी आवळली की सगळा माल तिच्यामार्फतच जावा. पहिल्या महायुद्धामुळे मागणी होतीच. पौंडामागे भाव वीस सेंटच्या घरात गेला आणि त्या पैशावर सुधारणा चालल्या.

आता माझा मुद्दा. युकातानात क्रांती खालून उसळली नाही, ती बोटीने आली. कारियो पुएर्तो हे त्या आयात क्रांतीचे स्थानिक वारस होते. आल्व्हारादो यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये जो कामगार पक्ष निघाला त्याची सूत्रे पुढच्या वर्षी त्यांच्या हाती आली, आणि शहरी कामगारांचा तो पक्ष त्यांनी खेड्यांत नेला. हे काम अस्सल आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण त्याच्या डोक्यावर कायम केंद्राचे छत्र लागत होते. १९१९ मध्ये ते छत्र काढून घेतले गेले, तेव्हा काय झाले ते पाहा. कारान्सा यांनी कर्नल इसाइयास सामारिपा यांना पाठवले. सैनिकांनी पक्षाची कार्यालये फोडली, संघ उधळले आणि कारियो पुएर्तो परदेशी निघून गेले. १९२० मध्ये कारान्सा यांच्याविरुद्ध उठलेला जनरल ओब्रेगॉन यांचा गट जिंकला, ओब्रेगॉन राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा ते परतले आणि अल्पावधीत संघ पुन्हा उभे राहिले. म्हणजे १९२३ च्या डिसेंबरात जे घडले त्याची रंगीत तालीम चार वर्षे आधीच होऊन गेली होती.

मोडीवाचक

सह्यकडा यांनी मांडलेली पार्श्वभूमी मान्य आहे, परंतु ‘केंद्राचे छत्र’ एवढ्याने प्रश्न सुटत नाही. छत्र नसतानाही लढलेली गावे मेक्सिकोत ठिकठिकाणी आहेत. युकातानातली का लढली नाहीत, हे पाहायचे तर गावपातळीवर संघ कोण चालवत होते हे विचारायला हवे.

कारियो पुएर्तो १९२० मध्ये परतले तेव्हा त्यांच्याकडे वेळ कमी होता आणि विरोधी लिबरल पक्षाचे दांडगे गावोगावी सज्ज होते. मग त्यांनी तेच केले जे असा कोणताही व्यवहारी पुढारी करतो. ज्या गावात ज्याची वट होती त्याला त्यांनी आपलेसे केले. ओपिचेनच्या बाजूला ब्राउलिओ एउआन हे असेच एक बडे प्रस्थ. अशा माणसांना संघाचे अध्यक्षपद मिळे, नगरपालिकेतल्या नेमणुका त्यांच्या शब्दावर होत, आणि दारूबंदीच्या राज्यात दारूचा चोरटा धंदा चालला तर त्याकडे डोळेझाक होई. त्या बदल्यात हा कारभारी निवडणुकीला गावाची मते आणि सभेला गावाची माणसे आणून देई. मेरिदातल्या मध्यवर्ती संघाच्या वहीत अख्खे गाव एका दिवसात सभासद म्हणून चढे. वर्गणी भरली, लाल कार्ड मिळाले, झाले समाजवादी!

म्हणून साठ हजार हा आकडा खोटा आहे असे मी म्हणणार नाही. त्याच्या आत काय होते हे पाहायला हवे. त्यात मनापासून आलेले होते, कार्डाशिवाय काम मिळणार नाही म्हणून आलेले होते, आणि गावच्या दादाने सांगितले म्हणून आलेलेही होते. १२ डिसेंबरनंतर या दादांनी हिशेब केला. नवे सरकार आले आहे, त्याच्याकडे बंदुका आहेत, आपले गाव आणि आपले आसन राखायचे असेल तर गप्प बसावे. काहींनी तर नव्या सत्तेशी लगेच जुळवून घेतले. त्यांची निष्ठा देवाणघेवाणीवर उभी होती, आणि देणाराच पळत असताना घेणाऱ्याने जीव का द्यावा?

यात कारियो पुएर्तो यांची फसवणूक झाली असे मला वाटत नाही. ते स्वतः मोतुलच्या राजकारणात मुरलेले होते. १९११ मध्ये त्यांच्या हातून एका विरोधकाचा खून झाला होता आणि त्यासाठी ते तुरुंगात गेले होते. तो स्वसंरक्षणार्थ झाला हे त्यांचे म्हणणे ग्राह्य धरले तरी त्या राजकारणाची जात कोणती होती हे त्यातून कळते. आपण कोणावर विसंबत आहोत, हे त्यांना पक्के ठाऊक असणार.

बांधावरचा

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, शेतकरी आहे, त्यामुळे राजकारणावर बोलणार नाही. परंतु वर कोणीच जमिनीबद्दल बोललेले नाही आणि माझ्या मते गोम तिथेच आहे.

कारियो पुएर्तो यांच्या कारकिर्दीत दर गुरुवारी जमीनवाटपाचा कार्यक्रम असे. गव्हर्नर स्वतः किंवा त्यांचे सहकारी गावात जात, मोजणीदाराने आखलेली हद्द वाचून दाखवली जाई, भाषण माया भाषेत होई, आणि गावाला सामाईक जमिनीचा ताबा मिळे. वाटपाच्या वेगात युकातान मेक्सिकोतल्या अगदी पुढच्या राज्यांत होते. पण वाटलेली जमीन कोणती होती? बहुतांशी गावाभोवतालची, मका-घेवडा पिकवण्याजोगी. हेनेकेनचे उभे मळे त्यात जवळजवळ नव्हते.

याला निव्वळ भीती म्हणणे सोपे आहे, पण पिकाचा स्वभावही पाहावा. हेनेकेन लावल्यापासून पहिली पाने कापायला सहा-सात वर्षे लागतात, पुढे पंधरा-वीस वर्षे कापणी चालते. पान कापल्यावर दिवस-दोन दिवसांत यंत्रावर घालून त्याचा धागा काढावा लागतो, नाहीतर माल खराब होतो. तो धागा काढणारा कारखाना प्रत्येक मोठ्या मळ्याच्या मधोमध असे. शेतातून तिथवर अरुंद रूळ टाकलेले असत आणि खेचरे ओढत असलेल्या ढकलगाड्यांतून पानांच्या मोळ्या येत. मजुराला मजुरी मिळे ती कापलेल्या हजार पानांवर, तेही पानाच्या कडेचे काटे सोलून मोळ्या बांधून दिल्यावर. आता असा मळा शंभर कुटुंबांत तुकड्या-तुकड्यांनी वाटला आणि कारखाना मालकाकडे राहिला, तर शेतकऱ्याच्या हाती काय पडणार? पान कापून मालकाच्याच दारात न्यायचे आणि तो देईल तो भाव घ्यायचा. ऊस आणि कारखाना यांचे नाते ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

शिवाय बाजार. महायुद्ध संपले आणि भाव कोसळला. आल्व्हारादो यांच्या काळातली सरकारी खरेदी यंत्रणा न खपलेल्या गासड्यांच्या ओझ्याखाली बुडाली. कारियो पुएर्तो यांनी १९२२ मध्ये निर्यातीसाठी नवी यंत्रणा उभी केली, लागवड आवरती घ्यायला लावली आणि भाव थोडा सावरला. राज्याचा खजिना, शाळांचे पगार, रस्ते, सगळे त्या धाग्यावरच्या करावर चालले होते. मळे मोडले असते तर खजिना मोडला असता. हात लावला नाही तर मजूर मळ्यावरच राहतो, फक्त गुलाम म्हणण्याऐवजी रोजंदारी म्हणायचे. भाव पडल्यावर तर अनेक मळ्यांवर आठवड्यात मोजकेच दिवस काम मिळे.

म्हणजे हेनेकेन पट्ट्यातल्या मजुराला संघाने प्रतिष्ठा दिली, शाळा दिली, मुकादमाच्या फटक्यातून सोडवले, हे सगळे खरे. पण पोट ज्या जमिनीवर होते ती जमीन दिली नाही. जिच्यासाठी मरावे अशी जमीन मोरेलोसच्या शेतकऱ्याच्या पायाखाली होती.

अक्षरवेल

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु आतापर्यंतचे सगळे प्रतिसाद वाचल्यास युकातानात केवळ पुरुषच राहत असावेत असा समज होईल! संघटना कोलमडली म्हणताना त्यातला एक भाग सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत पूर्णपणे कापून टाकला गेला, त्याची नोंद इथे व्हायला हवी.

जानेवारी १९१६ मध्ये आल्व्हारादो यांनी मेरिदात स्त्रियांची परिषद भरवली. सहाशेहून अधिक स्त्रिया आल्या, त्यात बहुतेक शिक्षिका होत्या. एर्मिला गालिंदो यांच्या निबंधात स्त्रीच्या लैंगिक भावनेचा उघड उल्लेख होता, त्यावरून सभागृहात गदारोळ झाला. आल्व्हारादो यांची दृष्टी मात्र सुशिक्षित, शहरी, मध्यमवर्गीय स्त्रीपुरती होती. कारियो पुएर्तो यांच्या धाकट्या भगिनी एल्व्हिया यांनी हे काम खेड्यांत नेले. त्या शिक्षिका होत्या, तरुणपणीच विधवा झालेल्या. रिता सेतिना या एकोणिसाव्या शतकातील कवयित्री-शिक्षिकेच्या नावाने त्यांनी स्त्रियांचा संघ काढला. त्यातून साक्षरता, बाळंतपणातील स्वच्छता, दारूविरोध आणि संततिनियमन यांचा प्रचार होई. १९२२ मध्ये मार्गारेट सँगर यांची संततिनियमनावरील पुस्तिका स्पॅनिशमध्ये मेरिदात छापून वाटली गेली, तेव्हा चर्च आणि सनातनी मंडळी खवळली. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले १९२७ मध्ये, त्याच्याही पाच वर्षे आधीची ही गोष्ट आहे, आणि तीसुद्धा सरकारच्या पाठिंब्याने!

त्याच वर्षी रोसा तोर्रे या मेरिदाच्या नगरपालिकेवर निवडून आल्या. पुढच्या वर्षी एल्व्हिया कारियो पुएर्तो, बेआत्रिस पेनिचे आणि राकेल दसिब सिसेरो या तिघी राज्याच्या विधिमंडळावर निवडून आल्या. देशभरातील स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताधिकार मिळाला तो १९५३ मध्ये, हे लक्षात घेतले म्हणजे हे किती पुढचे पाऊल होते ते कळेल.

माझे एक निरीक्षण आहे. या सगळ्या सुधारणा भावाच्या सत्तेच्या सावलीत झाल्या. १९२३ चा घटस्फोटाचा कायदा घ्या. कोणत्याही एका जोडीदाराच्या मागणीवरून, कारण न देता, घटस्फोट मिळू लागला. तत्त्व म्हणून हे धाडसी आहे, पण पोटगीची आणि कामाची सोय नसलेल्या खेड्यातल्या बाईला त्याचा लाभ किती आणि नवऱ्याला किती, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही. कायद्याचा फायदा घेणाऱ्यांत अमेरिकेतून सोयीसाठी येणारे लोक होते आणि गव्हर्नर स्वतःही होते. गव्हर्नर गेल्यावर या तिघींच्या जागा तत्काळ गेल्या. एल्व्हिया यांना राज्य सोडावे लागले. पुढे त्या सान लुइस पोतोसीमधून केंद्रीय प्रतिनिधिगृहासाठी उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या, पण स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांना आसन दिले गेले नाही. एप्रिल १९२४ मध्ये पक्षाचे पुरुष नेते सत्तेवर परतले, तेव्हाही या स्त्रियांना कोणी परत बोलावले नाही. म्हणून ‘संघटना कोलमडली’ याचा दोष केवळ बंडखोरांवर टाकता येत नाही, असे मला वाटते.

जुनीपाने

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बांधावरचा यांनी दिलेले पिकाचे तपशील मला कोणत्याच ग्रंथात इतके स्पष्ट मिळाले नव्हते.

तरीही एक शंका उरते. संघातले कारभारी कच्चे, मळ्यांची जमीन वाटलेली नाही, केंद्राचे छत्र दूर, हे सगळे गृहीत धरले तरी मोतुल आणि आसपासचा भाग तर कारियो पुएर्तो यांचा स्वतःचा होता. तिथे हजारो माणसे जमली होती असे वाचनात येते. मग ते तिथे पाय रोवून का उभे राहिले नाहीत? पूर्वेकडे समुद्राच्या दिशेने का गेले?

सह्यकडा

कारण हातात काठ्या, कोयते आणि शिकारीच्या बंदुका होत्या, समोर मशीनगन होत्या. परंतु घटनाक्रम नीट पाहिला तर आणखी काही गोष्टी दिसतात.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्हेराक्रुस बंडखोरांच्या ताब्यात गेले. मी वर म्हटल्याप्रमाणे युकातानचा केंद्राशी दुवा तो समुद्रमार्ग होता, म्हणजे पहिल्याच फटक्यात दोर कापला गेला. ओब्रेगॉन यांच्यापुढे निम्म्याहून कमी सैन्य निष्ठावान उरले होते आणि लढाईचा निकाल मध्य मेक्सिकोत लागणार होता. एका कोपऱ्यातल्या राज्यासाठी ते शस्त्रे आणि माणसे पाठवणे शक्य नव्हते. त्यातच शेजारच्या कांपेचेतील बंड मोडायला मेरिदातून निघालेली तुकडी वाटेतच उलटली आणि राजधानीकडे वळली. राज्यात जे काही नियमित सैन्य होते ते असे एका दिवसात शत्रूचे झाले. कर्नल हुआन रिकार्देस ब्रोका गव्हर्नर होऊन बसले.

कारियो पुएर्तो मेरिदातून मोतुलला गेले. लोक जमले, हे खरे आहे. त्यांना शस्त्रे पुरवता येत नव्हती, आणि निःशस्त्र माणसांना मशीनगनच्या तोंडी द्यायला त्यांनी नकार दिला, असे त्यांच्या बाजूचे सर्व जण सांगतात. मला यात केवळ साधुत्व दिसत नाही. १९१९ मध्ये ते परदेशी गेले, वारे फिरल्यावर परतले आणि गव्हर्नर झाले. तोच मार्ग याही वेळी चालेल असा त्यांचा हिशेब असणार, आणि तो चुकीचाही नव्हता. दे ला उएर्ता यांचे बंड काही महिन्यांत मोडले. फक्त चार महिने जिवंत राहायला हवे होते. पूर्व किनाऱ्यावरून बोटीने क्युबा किंवा अमेरिका गाठायची होती. होलबोशजवळ वादळी समुद्रात बोट अडली आणि २१ डिसेंबरला ते पकडले गेले.

त्यानंतरचा भाग राजकीयदृष्ट्या सगळ्यांत महत्त्वाचा आहे. निवडून आलेल्या मुलकी गव्हर्नरवर लष्करी न्यायालय चालवण्याला कोणताही कायदेशीर आधार नव्हता. त्यांना कैदेत ठेवून वाटाघाटीचे प्यादे म्हणून वापरणे बंडखोरांना जास्त फायद्याचे ठरले असते. तरीही ३ जानेवारीच्या पहाटे मेरिदाच्या सार्वजनिक कब्रस्तानात तेरा जणांना उभे केले गेले. एदेसिओ, बेन्हामिन आणि विल्फ्रिदो हे तीन भाऊ आणि मेरिदाचे नगराध्यक्ष मानुएल बेर्सुन्सा हे त्यांतच होते. एवढी घाई कोणाला होती? १९२३ च्या अखेरीस कारियो पुएर्तो यांनी पडीक टाकलेले मळे ताब्यात घेऊन मजुरांच्या हवाली करण्याचा कायदा आणला होता. सरकारला वाकवण्यासाठी मळा पडीक ठेवणे हे मालकांचे नेहमीचे हत्यार होते, ते या कायद्याने निकामी होणार होते. मळेवाल्यांचा पैसा बंडखोर अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचला होता आणि तो त्यांना जिवंत सोडण्यासाठी दिलेला नव्हता, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

बांधावरचा यांचे निदान अर्धे मान्य करून मी एवढे जोडतो की हेनेकेनच्या मळ्यांना हात घालायची सुरुवात कारियो पुएर्तो यांनी केली होती. आणि ती त्यांनी केंद्राला फारसे न विचारता केली होती. ओब्रेगॉन यांना हेनेकेनचे डॉलर हवे होते, प्रयोग नको होते.

मोडीवाचक

शेवटच्या मुद्द्यावर सह्यकडा यांच्याशी सहमत आहे. केवळ केंद्राचा हस्तक म्हणून त्यांची बोळवण करता येत नाही, ती याच कायद्यामुळे. १९२१ च्या इसामाल अधिवेशनात तिसऱ्या इंटरनॅशनलशी, म्हणजे मॉस्कोच्या नेतृत्वाखालील जागतिक कम्युनिस्ट संघटनेशी, रीतसर जोडले जावे की नाही यावर चर्चा झाली, आणि सहानुभूती ठेवूनही पक्षाने ते टाळले. मॉस्को आणि मेक्सिको सिटी या दोन्ही ठिकाणांपासून हाताच्या अंतरावर राहण्याचा हा प्रयत्न होता, असे मी वाचतो.

आता पुढचे थोडे. एप्रिल १९२४ मध्ये केंद्राचे सैन्य युकातानात परतले आणि समाजवादी पक्षही सत्तेवर आला. गावचे तेच दादा पुन्हा संघाचे अध्यक्ष झाले, यावेळी छातीवर हुतात्म्याचे चित्र लावून. होसे इतुर्राल्दे गव्हर्नर झाले आणि पडीक मळ्यांच्या कायद्याचे नाव कोणी घेईनासे झाले. गुरुवारचे वाटप मंदावले. १९२९ मध्ये राष्ट्रीय पातळीवर सत्ताधारी पक्ष स्थापन झाला तेव्हा युकातानचा पक्ष त्यात सामील झाला, आणि हेनेकेनच्या मळ्यांची मोठी वाटणी व्हायला राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांची १९३७ मधील युकातान भेट उजाडावी लागली. त्यात बांधावरचा यांनी सांगितलेली कारखान्याची अडचण जशीच्या तशी समोर आली.

मायांच्या जुन्या उठावाची राजधानी असलेल्या सांता क्रुस या गावाला तीसच्या दशकात फेलिपे कारियो पुएर्तो यांचे नाव देण्यात आले. ते गाव आज किन्ताना रो राज्यात आहे.

आणखी एक गोष्ट, जी जुनीपाने यांच्या वाचनात बहुधा आलेली नसावी. ज्या आल्व्हारादो यांच्या आश्रयाने कारियो पुएर्तो यांची कारकीर्द सुरू झाली, ते जनरल डिसेंबर १९२३ मध्ये दे ला उएर्ता यांच्या बाजूने बंडात उतरले होते. कारियो पुएर्तो यांना ज्या गटाच्या अधिकाऱ्यांनी मारले, त्याच गटाचे ते एक सेनापती होते. बंड फसल्यावर दक्षिणेकडच्या जंगलातून निसटत असताना जून १९२४ मध्ये तेही मारले गेले.